हॅलो: हाक आणि ओ

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक मजकूर फिरत येतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, टेलिफोन तयार झाल्यावर त्यांनी पहिला फोन तिला लावला, तिला नावाने हाक मारली आणि तेव्हापासून सगळं जग फोन उचलून त्या बाईचं नाव घेतं, अशी ती गोष्ट. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ती आली की लोक हात जोडतात, फुलं टाकतात.

गोष्ट धादांत खोटी आहे. बेल यांच्या आयुष्यातल्या बाईचं नाव होतं मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीव्हर झाला आणि तिची श्रवणशक्ती कायमची गेली. ओठांच्या हालचालींवरून ती समोरच्याचं बोलणं ओळखायची. बेल हे बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारे शिक्षक, आणि मेबल त्यांची विद्यार्थिनी. ११ जुलै १८७७ रोजी त्यांचं लग्न झालं. बेल यांच्या आईलाही जवळजवळ ऐकू येत नसे. माणसाचा आवाज तारेतून पाठवून दाखवणाऱ्या या माणसाच्या घरातल्या सर्वांत जवळच्या दोन बायकांना तो आवाज कधी ऐकता येणार नव्हता. मला ही खरी गोष्ट त्या खोट्या प्रेमकथेहून कितीतरी मोठी वाटते. ती कुणी पुढे पाठवत नाही याचं वाईट वाटतं.

आणि बेल फोनवर 'हॅलो' म्हणतच नसत. त्यांची पसंती 'अहॉय' या शब्दाला होती आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. 'अहॉय' ही खलाशांची आरोळी. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला, किंवा होडीतून काठावरच्या माणसाला हाक मारायची ती अशी.

'हॅलो' फोनवर आणला तो थॉमस एडिसन यांनी. त्याचा पुरावा म्हणजे १५ ऑगस्ट १८७७ चं, बेल यांच्या लग्नानंतर महिनाभराने लिहिलेलं एक छोटंसं पत्र. ॲलन कोनिग्सबर्ग या अभ्यासकाने ते टेलिफोन कंपनीच्या दप्तरातून शोधून काढलं. पिट्सबर्गमधल्या एका तार कंपनीच्या डेव्हिड नावाच्या अध्यक्षांना एडिसन यांनी ते लिहिलं होतं. तेव्हाचा टेलिफोन आजच्यासारखा वाजत नसे. दोन ठिकाणांमधली तार कायम जोडलेली; या टोकाला बोलायचं असेल तेव्हा त्या टोकाच्या माणसाचं लक्ष वेधायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. कुणी पेन्सिलीने यंत्राच्या पडद्यावर टकटक करी, कुणी घंटी बसवावी म्हणे. एडिसन यांचं म्हणणं असं, की घंटीची गरजच पडणार नाही, 'हॅलो' म्हटलं तर दहा ते वीस फुटांवर ऐकू जातं.

दहा ते वीस फूट म्हणजे अगदी आपल्याकडच्यासारखं, हाकेच्या अंतरावर. माणूस खोलीत कुठेतरी दुसऱ्या कामात आहे, यंत्र टेबलावर पडलं आहे आणि त्यातून त्याला बोलवायचं आहे. त्यासाठी कुठला उच्चार लांबवर जाईल, याचा हा विचार आहे. एडिसन यांना लहानपणापासून कमी ऐकू येत असे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. आपल्यापर्यंत काय पोचतं आणि काय वाटेतच विरतं, याची जाणीव धड कानांच्या माणसापेक्षा अशा माणसाला जास्त असणार.

शब्द त्यांनी घडवला मात्र नव्हता. 'हॅलो' हे रूप अमेरिकेतल्या छापील मजकुरात १८२० च्या दशकापासून सापडतं, आणि त्याची थोरली भावंडं तर शतकानुशतकं जुनी. हॉलो, हल्लू, होला, हालो, हुलो. स्वर बदलत गेले, पण तोंड उघडून घशातून हवा सोडायची रीत तीच. शिकारी कुत्र्यांना सावजावर सोडताना ओरडतात ते हल्लू. दूर चाललेल्याला थांबवायचं तर होला. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला डोंगरांनी नाव परत ओरडावं अशा आवाजात प्रिय व्यक्तीला साद घालण्याविषयी बोलते, तिथे हेच क्रियापद येतं. नमस्कार, राम राम, कसं काय अशा अर्थाने हा शब्द त्या काळात कुणी वापरत नव्हतं. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाला 'हॅलो' म्हणण्याचं काही कारणच नव्हतं. तो लांबच्यासाठी होता. फार तर अचानक काही दिसलं तर दचकून तोंडून निघायचा.

कोशकार त्याची मुळं दाखवतात तेव्हा एका फांदीशी फ्रेंच 'ओला' येतो, म्हणजे 'अहो तिकडचे!' दुसऱ्या फांदीशी जुन्या जर्मन भाषेतलं 'हाला, होला' येतं. तिथे ते एका क्रियापदाचं जोर देऊन म्हटलेलं आज्ञार्थी रूप आहे. त्या क्रियापदाचा अर्थ आणणं, घेऊन येणं. आजच्या जर्मनमध्येही 'होलन' म्हणजे आणणंच. ही आज्ञा मुख्यतः कुणाला होती, तर नदीपलीकडच्या नावाड्याला. होडी घेऊन ये, मला पलीकडे ने.

तेव्हा बेल यांचा 'अहॉय' पाण्यावरचा, आणि एडिसन यांचा 'हॅलो'ही पाण्यावरचाच. टेलिफोनमधून पहिल्यांदा जे वाक्य स्पष्ट गेलं, १० मार्च १८७६ रोजी, तेही बेल यांनी शेजारच्या खोलीतल्या आपल्या मदतनिसाला, वॉटसनला, बोलावण्याचं होतं. मिस्टर वॉटसन, इकडे या, असं.

नावाड्याला हाक मारणं म्हणजे काय हे मला पाहून ठाऊक आहे. माझ्या आजोळी जायचं तर खाडी ओलांडावी लागे. तेव्हा पूल नव्हता, तर होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. एसटी अलीकडच्या काठापाशी सोडून जायची. तर बहुधा नेमकी पलीकडे असायची, आणि तरवाला कुठे माडाखाली टेकलेला. मग मामा सामान खाली ठेवून चिखल संपतो तिथपर्यंत पुढे जाई, तळहात तोंडाशी आडवा धरी आणि हाळी देई: "तरवाल्याऽऽ, होऽऽऽ!" वारा समुद्राकडून असला की 'तरवाल्या' वाऱ्यावरच फाटून जाई. पलीकडे पोचायचा तो नुसता 'होऽऽ'. व्यंजनं नाजूक असतात, ती ओठाजिभेवर घडतात आणि थोड्या अंतरावर मरतात. स्वरच लांबवर टिकतो. म्हणून तर कोकणात रानात एकमेकांना शोधताना नावं न घेता कुकारा घालतात, 'कूऽऽ' असा.

मामाची हाळी गेली की आम्ही सगळे गप्प उभे राहत असू. मग पलीकडून, पाण्यावरून घसरत, 'ओऽऽ' यायची. ती आली की काम झालं. होडी सुटायला मग आणखी अर्धा तास का लागेना, ओहोटी लागून उतरायची जागा का बदलेना, आमची काळजी मिटलेली असे. आई पिशवीतून पाण्याचा तांब्या काढून आम्हाला द्यायची ती त्या 'ओ'नंतर, आधी कधी नाही.

'हाळी' आणि 'हॅलो' यांत ऐकू येणाऱ्या साम्यावरून त्यांचं रक्ताचं नातं जोडायचं काही कारण नाही. घसा सगळ्यांचा सारखा, वाराही सारखाच, त्यामुळे लांबवर टाकायचे आवाज जगभर एकमेकांसारखे निघतात. मला लक्षात येतं ते वेगळं. आपल्याकडे या व्यवहाराचे दोन भाग आहेत आणि दोन्हींना आपापलं नाव आहे. एक हाक मारतो, दुसरा ओ देतो. हाकेला ओ देणं हा आपल्या बोलण्यातला इतका पक्का जोड आहे की संकटात मदतीला येणाऱ्यालाही आपण हेच म्हणतो. इंग्रजीतल्या 'हॅलो'ला मात्र दोन्ही कामं एकट्याने करावी लागतात, आणि टेलिफोनच्या गेल्या दीडशे वर्षांत तो या बाजूचा त्या बाजूला कसा गेला, ते पाहण्यासारखं आहे.

एडिसन यांच्या पत्रात 'हॅलो' ही निखळ हाक आहे. बोलू इच्छिणाऱ्याने ती मारायची. पण त्यांचा अंदाज चुकला, घंटी लागलीच. वॉटसननेच १८७८ साली हाताने फिरवायच्या दांड्यावर चालणारी घंटी तयार केली. त्याच वर्षी २८ जानेवारीला अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हा ग्राहक होते २१. महिन्याभरात ५० नोंदींची पहिली टेलिफोन यादी छापली गेली, एकच पान. आणि पुढच्या काही महिन्यांतल्या तिथल्या पुस्तिकेत फोनवर कसं बोलावं याच्या सूचनाही आल्या: सुरुवात ठसठशीत, प्रसन्न 'हुलोआ'ने करावी.

घंटी आल्यावर हाक मारायचं काम घंटीकडे गेलं. ती वाजते तीच हाक. मग उचलणारा जो 'हॅलो' म्हणतो तो काय आहे? ती ओ आहे. म्हणूनच फोनवर पहिल्यांदा बोलतो तो ज्याला काही बोलायचं नाही तो. ज्याचं काम आहे तो गप्प राहून वाट पाहतो. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली नेमकं हेच दाखवून दिलं. पोलिसांच्या फोनवर ध्वनिमुद्रित झालेल्या सुमारे पाचशे संभाषणांची फक्त सुरुवात त्याने तपासली. उचलणारा आधी बोलतो हा नियम सगळीकडे बसत होता, एक सोडून. त्या एका फोनमध्ये पोलिसांनी नंबर लावला होता, पलीकडे रिसीव्हर उचलला गेला आणि सेकंदभर शांतता. मग फोन करणाऱ्या पोलिसानेच 'हॅलो' म्हटलं. दुसरा कोणी संशोधक असता तर पाचशेत एक म्हणून ते बाजूला टाकलं असतं. शेग्लॉफने त्या एकासाठी आपला नियमच नव्याने मांडला. घंटीच्या हाकेला ओ आली नाही, म्हणून हाक पुन्हा मारली गेली, या वेळी तोंडाने. मामाने दुसऱ्यांदा हाळी द्यावी तसं. हा निबंध वाचताना मला खाडी दिसते, आणि एका शांत सेकंदापाशी थांबलेल्या त्या माणसाविषयी फार आदर वाटतो.

भारतात १८८२ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रासमध्ये एक्स्चेंज सुरू झाली, पण सामान्य माणसाच्या घरात फोन यायला पुढची शंभर वर्षं गेली. त्या दरम्यानचा फोन म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. लग्नपत्रिकेवर, वहीच्या पहिल्या पानावर नंबर लिहून पुढे 'पी. पी.' अशी अक्षरं घालत. माझे आजोबा गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि फोन पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. आम्ही लहान गावात. बाबा पोस्टात ट्रंक कॉल बुक करून बाकावर बसत, आणि लागला की मलाही रिसीव्हरला कान लावू देत.

त्यातून जे ऐकू यायचं ते मी कधी विसरणार नाही. आधी काकूंचा 'हॅलो'. बाबांनी नाव सांगितलं की काकू रिसीव्हर विणलेल्या रुमालावर आडवा ठेवीत, त्याचा ठक्क आवाज. मग त्यांची पावलं गॅलरीकडे. मग लांबून, पण स्वच्छ, त्यांची हाक: "अहो तिसरा मजलाऽऽ, फोन आलाय गावचाऽऽ!" मग वरून आजीची 'ओऽऽ', मग लाकडी जिन्यावर आजोबांच्या चपला, मधल्या मजल्यावर कुणीतरी विचारलेलं "सगळं बरंय ना?", आणि शेवटी धाप लागलेला आजोबांचा 'हॅलो'. ट्रंक कॉलचे पैसे तीन तीन मिनिटांच्या हिशेबाने पडत, आणि पहिल्या तीनातलं निम्म्याहून अधिक या जिन्यावर जाई. बाबा घड्याळाकडे पाहत असत, पण मला तो जिनाच जास्त आवडे. एका घंटीपासून आजोबांपर्यंत किती हाका आणि किती ओ! कुणीही मधल्या कुणाच्या हाकेला 'आत्ता नाही' म्हटलं असतं, तर गावची बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली नसती. आणि कुणी कधी तसं म्हटलं नाही.

या साखळीत आणखी एक आवाज होता, एक्स्चेंजमधल्या बाईंचा. 'थ्री मिनिट्स ओव्हर' म्हणणारा. टेलिफोनवर पहिल्यांदा नेमली गेली ती तारखात्यातली पोरं. ती गिऱ्हाइकांशी उद्धट बोलत, म्हणून बॉस्टनमध्ये १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर आली. पुढे या मुलींना 'हॅलो गर्ल्स' असंच नाव पडलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने फ्रान्समध्ये नेलेल्या दुभाषी ऑपरेटरही याच नावाने ओळखल्या गेल्या. मार्क ट्वेनच्या १८८९ सालच्या 'कनेक्टिकट यँकी' कादंबरीत या शब्दाचं एक हृद्य रूप आहे. त्यातला अमेरिकन नायक सहाव्या शतकातल्या इंग्लंडात जाऊन पडतो, तिथेच लग्न करतो, आणि झोपेत 'हॅलो, सेंट्रल' असं पुटपुटत राहतो. त्याच्या बायकोला टेलिफोन माहीत असणं शक्यच नाही. तिला वाटतं, हे नवऱ्याच्या हरवलेल्या माणसाचं नाव असावं. कसलीही असूया न धरता ती आपल्या मुलीचं नाव 'हॅलो-सेंट्रल' ठेवते. व्हॉट्सॲपवरच्या मार्गारेट हॅलोची गोष्ट ज्यांना आवडते त्यांना ही तर फारच आवडेल.

फोनवर 'हॅलो'च म्हणायला हवं असं अर्थातच नाही. इटलीत 'प्रोंतो' म्हणतात, म्हणजे मी तयार आहे. जपानमध्ये 'मोशी मोशी'. आपल्याकडे वारकरी माणसाने फोन उचलला की 'राम कृष्ण हरी' ऐकू येतं, कुणाकडून 'जय भीम', कुणाकडून 'जय महाराष्ट्र', कुणाकडून 'जय जिजाऊ'. २०२२ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं असा निर्णय काढला. या प्रत्येक शब्दामागे एक श्रद्धा आहे आणि तो म्हणताना माणूस आपण कोण, कुणाचे, हे सांगतो. अभिवादन म्हणून 'हॅलो' या सगळ्यांहून कोरडा आहे, हे खरंच. त्यात कुणाचं नाव नाही, कुणाचं स्मरण नाही.

पण बोलता बोलता आवाज तुटायला लागतो तेव्हा काय होतं, ते ऐकावं. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, आई 'बोल रे बाबा' म्हणून सुरुवात करते. मध्येच चित्र थिजतं, त्याचं तोंड अर्धवट उघडं राहतं. आणि आई, जी एरवी 'हॅलो' हा शब्द उच्चारत नाही, ती फोन तोंडाजवळ धरून म्हणते, "हॅलो... हॅलो... अरे ऐकू येतंय का?" तिकडून तोही तेच म्हणत असतो. 'राम कृष्ण हरी'ने सुरू झालेला फोनही रेंज गेली की 'हॅलो, हॅलो'वरच येतो. अशा वेळी त्याचं अभिवादनपण गळून पडतं आणि उरते ती नावाड्याला मारलेली हाक. तू तिथे आहेस का? पोचतोय का मी? हे विचारायला जो शब्द जन्मला, तोच अशा वेळी तोंडी यावा यात मला काही नवल वाटत नाही.

ओ म्हणून असलेलं त्याचं काम मात्र आता सुटत चाललं आहे. स्क्रीनवर नाव दिसतं, मग उचलणारा 'हां, बोल गं' म्हणूनच सुरुवात करतो. कोण हाक मारतंय ते आधीच कळलेलं असतं. आणि नाव दिसत नसेल तर पुष्कळ जण आता फोन उचलून गप्प राहतात. त्यांची भीती खोटी नाही. फसवणुकीचे फोन रोजचे झाले आहेत. कॉल सेंटरमधलं यंत्र एकाच वेळी अनेक नंबर लावतं आणि ज्या नंबरावर माणसाचा आवाज ऐकू येईल तो फोन रिकाम्या कर्मचाऱ्याकडे वळवतं. आपण 'हॅलो' म्हटल्यावर पलीकडे जी क्षणभर पोकळी जाणवते ती पुष्कळदा याचीच.

आजोळची आजी सांगायची, रात्री बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या हाकेला द्यावी, कारण भूत एकदा-दोनदाच हाक मारतं, गरज असलेला माणूस पुन्हा पुन्हा मारतो. खाडीकाठच्या अंधारात राहणाऱ्या बायकांनी न दिसणाऱ्या आवाजाशी कसं वागावं याचा काढलेला हा तोडगा मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. त्यात सावधपणा आहे, पण दार कायमचं लावून घेतलेलं नाही. आजीने पुढे हेही सांगितलं होतं, की तिसऱ्या हाकेलाही ओ न देणं हे पाप.

मी अनोळखी नंबर उचलते. त्यामागे कधी मोबाइल हरवलेला भाचा असतो, कधी अपघातात सापडलेल्या कुणाच्या खिशातली चिठ्ठी वाचून नंबर लावणारा कुणी वाटसरू. पहिल्यांदा वाजून थांबला तर थांबू देते, पुन्हा वाजला की उचलते आणि 'हॅलो' म्हणते, स्पष्ट, दहा-वीस फुटांवर जाईल असं. पलीकडे यंत्र असेल तर ते घटकाभर काहीच बोलत नाही, आणि मी फोन ठेवते. माणूस असेल तर तो थांबत नाही. माझं पुरतं म्हणून व्हायच्या आत तोही घाईघाईने 'हॅलो' म्हणतो.